पहिली जिलबी

पद्मजा मगदूमच्या डोक्यात नवीन काही येत नाही, असं आजवर तिच्या सासूबाई सोडल्या तर कुणी म्हटलं नव्हतं. आता ते यंत्रानं म्हटलं, आणि तेसुद्धा रंगीत नकाशा काढून.

रेठरेकर पंप्सचे तरुण मालक अभिराज रेठरेकर यांच्या केबिनमध्ये भिंतभर पडद्यावर तो नकाशा पसरला होता. संशोधन विभागातलं एकेक माणूस म्हणजे एकेक ठिपका. ज्याला जितकं सुचलं, तितका त्याचा ठिपका हिरवा आणि टपोरा. नासिर मुल्लाणीचा ठिपका लिंबाएवढा झाला होता. त्याला खेटून पद्मजाचा ठिपका होता, राखाडी आणि मोहरीएवढा.

"पट्टा बिघडला असेल माझा," कपाळावरच्या पट्टीला हात लावत ती म्हणाली.

"दोनदा बदलून दिला, ताई." अभिराज अवघडला होता. शाळेतून आल्यावर हिच्याच टेबलाखाली बसून त्यानं पंपांच्या चकत्या फिरवल्या होत्या. "मला तुम्हाला कमी लेखायचं नाहीये. पण झाडाला पाणी घालायचं तर मूळ कुठं आहे ते कळायला नको का? आपली कंपनी जुनी झालीय. बाहेरचे लोक दर वर्षी नवीन पंप आणतात आणि आपण आबांच्या काळातल्या नावावर दिवस काढतो. सुचतंय कुणाला, हे मला बघायलाच हवं होतं."

त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच पद्मजाला जास्त लागलं. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

शिरोलीच्या एमआयडीसीत रेठरेकरांचा कारखाना आबा रेठरेकरांनी उभा केला. नवीन काही करायला माणसं घाबरतात, कारण फसलं की हसं होतं, हे आबांनी फार लवकर ओळखलं होतं. त्यावर त्यांनी एक अजब रीत पाडली. ज्याचा प्रयोग फसेल, त्यानं चारच्या चहाला सगळ्या विभागाला जिलबी द्यायची आणि कसं फसलं ते उभं राहून सांगायचं. हसायला सगळ्यांना मुभा, ओरडायला कुणालाच नाही. आणि ज्यानं त्यातली चूक दाखवली असेल, त्याला पहिली जिलबी.

या रिवाजावर कारखाना चालला म्हणा ना! पद्मजा आणि नासिर दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, एकाच टेबलावर बसले आणि पहिल्याच आठवड्यात कडाकडा भांडले. नासिर बोलायला लागला की हातानं हवेत पंप काढायचा. पद्मजा हाताची घडी घालून ऐकायची आणि म्हणायची, "नाही चालणार." मग नासिर उसळायचा, आवाज चढायचा, चहा गार व्हायचा, आणि त्या गदारोळातून कधीतरी एक चांगला पंप बाहेर पडायचा. कुणाचा म्हणाल, तर दोघांचा. कारखान्यात त्यांच्या यंत्रांना लोक 'भांडणातले पंप' म्हणायचे. आणि नासिरनं वाटलेल्या इतक्या पहिल्या जिलब्या पद्मजाच्या पोटात गेल्या होत्या, की डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा तिनं सरळ नासिरचं नाव घेतलं.

मग आला ठिणगीपट्टा.

तसा साधाच दिसायचा. कपाळाला बांधायची कापडी पट्टी, आत बारीक तारा आणि समोर मुगाच्या दाण्याएवढा दिवा. शास्त्र मात्र पक्कं होतं. एखादी गोष्ट माणसाला एकदम सुचते, त्याच्या आधल्या क्षणी मेंदू डोळ्यांकडून येणारा गोंधळ जरा मंद करतो, आपण आठवताना डोळे मिटतो ना, तसा. आणि मग मेंदूत, उजव्या कानाच्या जरा वर, एक वेगवान विजेची लहर उसळते. ती उसळते तेव्हा माणसाला अजून पत्ताही नसतो. 'अरेच्चा, सुचलं!' हे त्याला नंतर कळतं. पट्टा ती लहर पकडायचा, दिवा हिरवा पेटायचा, आणि कुणाला, केव्हा, कशावर बोलणं चाललं असताना सुचलं, याची नोंद व्हायची. मोठमोठ्या कंपन्यांत कल्पना एकाची आणि नाव साहेबाचं, हे दुखणं जुनंच आहे. पट्ट्यानं ते मुळातच मिटवलं. लोकांनी सुरुवातीला टाळ्या वाजवल्या आणि पद्मजानंही वाजवल्या.

पट्टा विकायला आलेल्या पोरीनं शिकवणीच्या शेवटी एक वाक्य सांगितलं होतं, "सुचलं एवढंच याला कळतं हं, बरोबर सुचलं की चूक, ते नाही. चुकीचं सुचतानाही लहर अशीच उसळते." पण तोवर सामोसे आले होते.

नकाशा पाहून पद्मजा घरी गेली ती पट्टा लावूनच. जेवताना नवरा शीतल तिच्या कपाळाकडे बघत राहिला. तो बँकेत होता, त्याला हे प्रकरण नवीन होतं.

"आमटीत काही सुचतंय का?" त्यानं विचारलं.

"गप्प बस हं!"

"अगं, निदान जेवताना तरी काढ की."

तिनं काढला नाही. तिला राहवेना. ती भाजी चिरताना कपाळ आरशात बघायची, गाडी चालवताना आरसा स्वतःकडे वळवायची. नवीन काहीतरी सुचावं म्हणून तिनं डोकं इतकं पिळलं की कानशिलं ठणकायला लागली. दिवा काही पेटला नाही. आपण इतकी वर्षं नासिरच्या जिवावर जगलो की काय, हा विचार तिच्या मनात आला आणि मग काही केल्या जाईना.

कारखान्यातही काहीतरी बिनसलं होतं. चारच्या चहाला माणसं यायची, पण बोलायची नाहीत. बोलायचं एकानं आणि दिवा पेटायचा शेजारच्याच्या कपाळावर, मग नाव त्याचं! एकदा दोघांची त्यावरून चांगलीच जुंपली. तेव्हापासून जो तो आपला कप घेऊन खिडकीशी. जिलबीही बंद पडली, कारण फसलेली ठिणगी आता गोपनीय धरली जायची आणि माणसाच्या नोंदीत मुकाट जमा व्हायची. स्वतःहून चव्हाट्यावर कोण आणणार?

नासिर आणि पद्मजा मात्र अजून एकाच टेबलावर होते. पण नासिर काही बोलायला तोंड उघडायचा, आणि पद्मजाची नजर त्याच्या दिव्याकडे जायची. ते त्याला दिसायचं. तो वाक्य अर्धवट सोडायचा.

उन्हाळा सरता सरता अभिराजनं निर्णय घेतला. पन्हाळ्याच्या रस्त्याला टेकडीवर नवीन प्रयोगशाळा बांधून तयार होती. आवाज नाही, धूळ नाही, वीज स्वतःच्या बॅटऱ्यांवर, कधी पापणीसुद्धा न लवणारी. ज्यांना सुचतं त्यांना तिथं ठेवायचं आणि कुणी त्रास द्यायचा नाही. नासिर तिथला प्रमुख. पद्मजाची बदली तक्रार विभागात.

"तू काहीच बोलला नाहीस?" तिनं नासिरला पार्किंगमध्ये गाठलं.

नासिर हेल्मेटचा पट्टा उगाच ओढत राहिला. "काय बोलू, पद्मा? यंत्राचा आकडा आहे. मी नको म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाला पाठवेल. एखाद्या वर्षाचा प्रश्न आहे गं."

"एक सांग. तुलाही तसंच वाटतं? की मी नुसती बसून होते?"

'नाही' असं काही तो लगेच म्हणाला नाही. त्यानं विचार केला. नासिरला खोटं बोलता येत नव्हतं, हा त्याचा गुण आजवर पद्मजाला फार आवडायचा. आज तिला तो सहन झाला नाही. ती गाडीत बसली आणि हायवेपर्यंत रडत गेली.

तक्रार विभागात दिवसभर फोन. पंप पाणी ओढत नाही, पंप आवाज करतो, तुमचा माणूस येतो म्हणाला आणि आलाच नाही. सौरपंप आता गावोगाव झाले होते, त्यामुळे निम्म्या तक्रारी सूर्याच्याच असायच्या. श्रावण लागला आणि त्यांना ऊत आला. "मॅडम, ढग आला की बंद, ढग गेला की चालू, दिवसभर हाच खेळ चाललाय बघा!" एक आजी तर रोज फोन करायच्या, जसं काही पद्मजाच ढग पाठवत होती. पद्मजा हसून समजावायची. हसणं तोंडावरच राहायचं.

टेकडीवरून मात्र एकाहून एक बातम्या येत होत्या. पद्मजाला वाटलं होतं, आपल्यावाचून नासिरचं डोकं चालायचं नाही. मनातून, खरं सांगायचं तर, तिला ते हवंही होतं. झालं उलटंच. टेकडीवरच्या शांततेत नासिरचा दिवा विझेचना! 'नाही चालणार' म्हणायला कुणी नव्हतं. कल्पनेवर कल्पना, हिरव्यावर हिरवं. नकाशावर तो लिंबाचा नारळ झाला.

त्यातल्या एका कल्पनेवर अभिराज भाळला. पंपात फिरणारी चकती आणि बाहेरचं कवच यांच्यात बारीक फट असते. वाळूनं ती झिजून रुंदावते, पाणी उलट गळतं आणि पंप म्हातारा होतो. नासिरनं त्या फटीत एक नव्या जातीची रिंग बसवली. पाण्यात ती हळूहळू फुगते. जितकी झिजेल तितकी फुगून फट बुजवणार, म्हणजे पंप कधी म्हातारा होणारच नाही. टेकडीवर तो पंप दिवसच्या दिवस सुरेख चालला. दसऱ्याला तो बाजारात आणायचं ठरलं. तक्रार विभागातल्या टीव्हीवर त्याची फिल्म दाखवली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पद्मजाचे हात मात्र वर आलेच नाहीत. काहीतरी टोचलं. तीच जुनी टोच, जी नासिरनं हवेत पंप काढला की यायची. तिनं फिल्म पुन्हा लावायला सांगितली. टेकडीवरचे दिवे लख्ख, स्थिर. पंप फिरतोय. संध्याकाळी प्रयोग संपला, पंप थांबला, टाकी रिकामी केली, सकाळी पुन्हा भरली आणि पंप सुरू.

तेवढ्यात फोन वाजला. त्याच आजी. "बाई, आज पण तेच, ढग आला की बंद, ढग गेला की चालू!"

"आजी, तुमच्या तोंडात साखर पडो!" पद्मजा ओरडली आणि टेकडीच्या वाटेला लागली.

गाडी चालवता चालवता तिच्या मनाची घालमेल सुरू झाली. चूक लेखी कळवली तर नासिरच्या नोंदीवर एवढी मोठी खोटी ठिणगी चढेल, नारळाचा मोहरीचा दाणा होईल. लोक म्हणतील, स्वतःला काही सुचलं नाही म्हणून जळली. गप्प बसली तर पंप विहिरीविहिरीत जाईल, आणि नासिरचं नाव कायमचं बुडेल. बोलायचं ते त्याच्या तोंडावरच, असं तिनं ठरवलं.

प्रयोगशाळेत शिरताना बूट काढावे लागले. आत इतकं शांत होतं की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. नासिर वाळला होता. कपाळावरचा दिवा हिरवागार.

"नाही चालणार," पद्मजा म्हणाली.

क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जुना नासिर आला, आणि मग गेला. "काय नाही चालणार?"

"तुझी रिंग. पंप चालू असतो तेव्हा ती फुगते आणि घासून झिजते, दोन्हींचा तोल राहतो. बरोबर? पंप बंद झाला की झिजायची थांबते. पण फुगायची थांबते का?"

"रोज संध्याकाळी बंद करतो. काही होत नाही."

"टाकी रिकामी करता तुम्ही! रिंग रात्रभर सुकते, आकसते. विहीर कोण रिकामी करणार? तिथं रात्रभर पाण्यात, आणि दिवसाही ढग आला की पंप बंद, पण पाण्यातच. ढग गेला की चालू. पुन्हा ढग. दर खेपेला रिंग थोडी जास्त फुगणार. एखाद्या दुपारी ती चकतीला अशी आवळून बसेल की मोटर जळेल. तुमच्याकडं ढगच येत नाही, नासिर. बॅटऱ्या लावून तुम्ही ढगच बंद करून टाकलेत."

नासिर उठून उभा राहिला. त्याचा आवाज त्या खोलीत कुणी कधी ऐकला नसेल इतका चढला. "इतके दिवस फिरकली नाहीस, आणि आज आलीस ती हे सांगायला? तुझा दिवा पेटत नाही म्हणून माझा बघवत नाही तुला!"

आयुष्यभर भांडले होते दोघं, पण पंपावरून, एकमेकांवरून कधीच नाही. पद्मजानं बूट हातात घेतले आणि तशीच बाहेर पडली.

त्यानंतर नासिरचा फोन नाही. अभिराजचाही नाही. पद्मजा फोन घेत राहिली, आजींना समजावत राहिली. राजीनामा मनातल्या मनात रोज लिहायची आणि रोज फाडायची. लेखी तक्रार टाकायची की नाही, यावर तिनं शीतलचं डोकं खाल्लं. शेवटी तो म्हणाला, "तू त्याला सांगितलंस ना? मग त्याला जरा वेळ दे. तो नासिर आहे." दसरा अगदी तोंडावर आला. आता थांबणं तिला गुन्हा वाटायला लागला. तिनं तक्रार लिहिली आणि चहानंतर अभिराजकडे स्वतः न्यायची ठरवली.

त्या दिवशी पद्मजा, पट्टा अजून कपाळाला तसाच, चारच्या चहाला जुन्या हॉलमध्ये आली आणि तिला तुपाचा वास आला.

माणसं खिडक्यांपासून वळली. दारात नासिर उभा होता, दोन्ही हातांत जिलबीची भली मोठी परात. ती त्यानं मधल्या टेबलावर ठेवली आणि कुणी काही विचारायच्या आत बोलायला लागला.

"ऐका. माझा पंप फसला. विहिरीसारखी टाकी भरून ठेवली, पाणी काढलं नाही, आणि श्रावणातल्यासारखी वीज चालू-बंद करत बसलो. तीन दिवस टिकला. चौथ्या दुपारी रिंगनं चकतीचा असा गळा धरला की मोटर जळाली, धूर झाला, आणि एवढ्या शांत प्रयोगशाळेत पहिल्यांदा काहीतरी आवाज झाला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कित्येक महिन्यांत त्या हॉलमध्ये कुणी हसलं नव्हतं.

"नासिरभाई!" अभिराज टॅब्लेट हातात घेऊन धावत आला होता. त्याचा चेहरा पडला होता. "हे गोपनीय आहे. दसऱ्याचं सगळं जाहीर झालंय. निदान आधी मला तरी सांगायचं!"

"साहेब, आबांनी ओरडायला मनाई केलीय. जिलबी घ्या." नासिर पुन्हा लोकांकडे वळला. "चूक पद्मानं दाखवली होती. मी तिला काय बोललो, ते इथं सांगायची मला लाज वाटते. तेही चुकलंच. त्याचीही जिलबी यातच आहे." त्यानं कपाळावरच्या दिव्यावर बोट ठेवलं. "टेकडीवर मला फार सुचायचं हो. सारखं सुचायचं. आणि खरं काय, खोटं काय, ते कळायचं नाही. मला वाटायचं, पद्मा मला अडवते. ती नसली की मला थांबायचं कुठं तेच कळत नाही."

मग त्यानं रिंग कशी फुगली ते हवेत हातानं काढून दाखवलं. आणि एक गंमत झाली. परातीशी उभ्या असलेल्या एकाच्या कपाळावर दिवा पेटला. "थांबा, रिंग फुगते तर फुगू दे, पण पंप थांबल्यावर चकतीच जरा खाली सरकली तर?" तो बोलून गेला, आणि लगेच पलीकडे दुसरा दिवा. मग तिसरा. माणसं एकमेकांना तोडून बोलायला लागली. अभिराज टॅब्लेटकडे बघतच राहिला. नकाशावर ठिपक्यामागून ठिपका हिरवा होत होता. आबा या हॉलमध्ये टाळी वाजवून हसायचे, तो आवाज त्याला आठवला. मूळ शोधायच्या नादात आपण रोपटंच उपटत होतो, हे त्याला कळलं.

सगळ्या हिरव्या ठिपक्यांच्या मधोमध एकच ठिपका राखाडी होता. पद्मजाचा.

तिनंही तो पाहिला. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं थोडं वाटलंही. तेवढ्यात नासिर परातीतली पहिली जिलबी कागदावर घेऊन तिच्यासमोर आला.

"घे."

"साखर आहे मला. तुझ्याचमुळं झालीय."

"ठाऊक आहे. अर्धी खा. अर्धी मी खातो."

पद्मजानं जिलबी मोडली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती हसली, आणि खिशातली लिहिलेली तक्रार त्या चिकट हातानंच चुरगाळून टाकली.

"ताई," अभिराज जवळ येऊन हळूच म्हणाला, "ही चकती सरकवायची कल्पना... आठ-दहा जणांचे दिवे एकदमच लागलेत. नोंद कुणाच्या नावावर करू?"

पण पद्मजाचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. नासिरनं हवेत नवीन पंप काढायला घेतला होता, आणि तिनं हाताची घडी घातली होती.

"नाही चालणार," ती म्हणाली.

"का नाही चालणार?" नासिर खेकसला, तोंडात जिलबी असतानाच.

माणसांनी खुर्च्या ओढून घेतल्या. अभिराजनं थोडा वेळ वाट पाहिली, मग टॅब्लेट उलटा करून टेबलावर ठेवला आणि परातीकडे हात नेला.